मुंगीचा मेंदू आणि माणसाचे माप

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात घरोघरी एक लढाई जुंपते. तिची नोंद कुठल्याही बखरीत होत नाही. चकल्यांचा शेवटचा घाणा कढईतून उतरलेला असतो, करंज्या डब्यात गेलेल्या असतात, बेसनाचे लाडू परातीत निवायला ठेवलेले असतात; आणि तेवढ्यात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून एक बारीक हलती रेघ भिंतीवर चढू लागते. मग घरातला जो तो आपापली युद्धनीती सांगू लागतो. कुणी हळद पसरतो, कुणी खडूची रेघ ओढतो. आजी मात्र काही न बोलता जाळीच्या कपाटाच्या चारी पायांखाली पाण्याने भरलेल्या वाट्या ठेवून मोकळी होते. दोन दिवस शांततेत जातात. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी धक्क्याने कपाट भिंतीला टेकते, आणि संध्याकाळपर्यंत लाडवांच्या डब्याला मुंग्या लागलेल्या असतात. "एवढीशी ती मुंगी, पण हिला कळते तरी कसे?" असे आजी म्हणते, ते कौतुकाने की चिडून, हे सांगणे कठीण.

आजीचा हा प्रश्न गेल्या दोनशे वर्षांत मोठमोठ्या पंडितांनी विचारलेला आहे. त्यांत एक आंधळ्या बापाचा मुलगा होता, एक लंडनचा पेढीवाला होता, एक वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख होता आणि एक वाळवंटाच्या कडेला दवाखाना थाटून बसलेला डॉक्टर होता. या सगळ्यांनी मुंगीच्या डोक्यात डोकावून पाहिले. तिथे जे दिसले त्यामुळे माणसाला आपल्या स्वतःच्या डोक्याविषयीही फेरविचार करावा लागला. त्या शोधाची ही हकिकत आहे.

आपल्याकडे मुंगीला मान आहे. मुक्ताबाईंनी तिला आभाळात उडवली, तुकोबांनी साखरेचा मान हत्तीला न देता तिला दिला. परंतु आपल्या भाषेने तिच्या बाबतीत एक घोटाळा करून ठेवला आहे. बारीक ती मुंगी आणि मोठा काळा तो मुंगळा, असे आपण म्हणतो. त्यामुळे मुंगळा हा मुंगीचा नवरा किंवा निदान थोरला भाऊ असावा, असे पुष्कळांना लहानपणापासून वाटत असते. वास्तविक मुंगळ्याची जात निराळी, आणि अंगणात गुळाच्या खड्याभोवती जमणारे सगळे मुंगळे ह्या बायकाच. मुंग्यांच्या कोणत्याही वारुळात राबणाऱ्या, लढणाऱ्या, घर बांधणाऱ्या, पोरे सांभाळणाऱ्या साऱ्या माद्याच असतात. नर वर्षातले थोडे दिवस जन्माला येतात, पंख फुटले की एकदा उडतात, आणि मरतात. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

*

मुंगीच्या बुद्धीचा शोध जिनीव्हाजवळ सुरू झाला असे म्हणायला हरकत नाही. तिथे फ्रान्स्वा ह्यूबेर नावाचे गृहस्थ मधमाश्यांचा अभ्यास करीत. त्यांना दिसत नव्हते. त्यांचा नोकर पाही आणि सांगे, आणि ते त्यावरून विचार करीत. अशा घरात वाढलेला त्यांचा मुलगा पिएर याला पाहण्याची किंमत कळली नसती तरच नवल. १७ जून १८०४ च्या संध्याकाळी चार-पाचच्या सुमाराला हा पिएर गावाबाहेर फिरायला गेला असता त्याच्या पायाशी तांबूस मुंग्यांची एक पलटण रस्ता ओलांडताना त्याला दिसली. तो तिच्या मागोमाग गेला. त्या पलटणीने काळसर मुंग्यांच्या वारुळावर छापा घातला आणि त्यांची कोशातली पिल्ले उचलून स्वतःच्या घरी नेली. ही पिल्ले मोठी झाली की परक्या घराला आपलेच मानून तिथली सगळी कामे करीत, असे त्याला पुढे आढळले.

मग त्याने एक प्रयोग केला. तीस तांबूस मुंग्या त्याने एका पेटीत ठेवल्या, त्यांच्याबरोबर त्यांची पिल्लेही ठेवली, आणि भरपूर मध ठेवला. त्या शूर मुंग्यांना तो मध खाता येईना. त्यांचे जबडे कोयत्यासारखे, केवळ लढण्याच्या कामाचे. आजवर त्यांना घास भरवला होता तो दासींनी. दोन दिवसांच्या आत निम्म्याहून अधिक मुंग्या अन्नासमोर उपाशी मेल्या. तेव्हा ह्यूबेरने एकच काळसर दासी आत सोडली. तिने क्षणाचा विलंब न लावता उरलेल्यांना भरवले, मातीत खोली खणली, पिल्ले आवरली आणि विस्कटलेला संसार मार्गी लावला. ह्यूबेरचे पुस्तक १८१० साली प्रसिद्ध झाले, आणि या हकिकतीला पुढे १८५९ साली डार्विनच्या ग्रंथात जागा मिळाली. त्या पेटीत लढवय्या कोण आणि शहाणी कोण, हे वेगळे सांगायला नको.

पण हे शहाणपण राहते कुठे? १८५० साली फेलिक्स द्युजार्दां या फ्रेंच प्राध्यापकाने कीटकांच्या मेंदूत देठावर उभ्या असलेल्या अळंबीसारख्या दोन जोडगोळ्या दाखवून दिल्या. एकट्यादुकट्या राहणाऱ्या कीटकांत त्या लहान असतात. मधमाश्या, मुंग्या अशा समाज करून राहणाऱ्यांत मोठ्या असतात. माणसाच्या मेंदूवरच्या वळ्यांशी त्यांची तुलना करून बुद्धीचे ठाणे ते हेच, असे त्याने सुचवले. आज त्या भागाला शास्त्रज्ञ 'छत्रपिंड' अशा अर्थाच्या नावानेच ओळखतात, आणि वास व अनुभव यांची स्मृती तिथे साठते हे आता सिद्ध झाले आहे.

*

आता थोडे मुंगी सोडून माणसाकडे वळले पाहिजे; कारण त्याच काळात युरोपात माणसांचे मेंदू तराजूत घालण्याचा नाद लागला होता. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका हा खरोखर थोर वैद्य मेलेल्यांचे मेंदू तोलून वजने लिहून ठेवी. पुरुषाचा मेंदू सरासरीने बाईच्या मेंदूपेक्षा सुमारे १८० ग्रॅमनी भारी भरतो, हे त्याला आढळले. बाईचा बांधाच लहान, तेव्हा मेंदूही लहान असायचाच, हे उघड होते. पण तेवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. बाईला अक्कल थोडी कमी, हे त्यातले एक कारण असणारच, असे त्याने ठरवून टाकले. गोऱ्यांच्या व काळ्यांच्या कवट्यांची मापेही याच हेतूने घेतली जात. निकाल आधी ठरलेला असे, तराजू मागाहून येई.

म्यूनिकच्या थिओडोर बिशॉफ या शरीरशास्त्रज्ञाने तर १८७२ साली याच आधारावर बायकांनी वैद्यक शिकू नये असे प्रतिपादन केले. पुरुषाचा मेंदू सरासरी १,३५० ग्रॅम, बाईचा १,२५०. मग हा शंभर ग्रॅमचा तुटवडा ती कशी भरून काढणार? १८८२ साली बिशॉफ वारले. त्यांचा मेंदू तोलला गेला, तो १,२४५ ग्रॅम भरला! त्यानंतर चारच वर्षांनी, १८८६ साली, आमच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. त्यांच्या मेंदूचे वजन कुणी विचारले नाही. परीक्षेचा निकाल पुरेसा होता. तराजूची फजिती पुढेही चालूच राहिली. रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्ह याचा मेंदू २,०१२ ग्रॅम भरला, आणि साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या अनातोल फ्रान्सचा १,०१७ ग्रॅम. म्हणजे जवळजवळ निम्मा.

या वजनमापाच्या गदारोळात एका माणसाने मुंगीला साक्षीला बोलावले. तो चार्ल्स डार्विन. माणसाच्या उत्पत्तीवरचा त्याचा ग्रंथ १८७१ साली निघाला. त्यात त्याने असा मुद्दा मांडला की मुंगीच्या मेंदूचा पिंड लहान टाचणीच्या डोक्याच्या चौथाई हिश्शाएवढाही नसतो, तरी तिची करणी पाहिली म्हणजे थक्क व्हायला होते. तेव्हा दोन माणसांची बुद्धी त्यांच्या कवटीच्या आकारमानावरून ताडता येईल असे कुणी शहाण्याने मानू नये. जगातल्या द्रव्याच्या अद्भुत कणांत मुंगीच्या मेंदूची गणना त्याने केली, आणि कदाचित माणसाच्या मेंदूहूनही तो अधिक अद्भुत असेल, असे म्हणण्यापर्यंत त्याने मजल मारली. याच ग्रंथात पुरुष हा स्त्रीहून बुद्धीने सरस, असेही डार्विनने दुसऱ्या ठिकाणी लिहिले आहे. साक्षीदार बोलावणाऱ्यालाही त्याच्या साक्षीचा पुरता अर्थ कधी कधी कळत नाही, तो असा.

*

डार्विनच्या शेजारीच सर जॉन लबक राहत. धंद्याने पेढीवाले, शिवाय पार्लमेंटचे सभासद. बँकांना सुट्टी देणारा इंग्लंडातला कायदा १८७१ साली त्यांच्याच खटपटीने झाला. दुसऱ्यांना सुट्टी मिळवून देणारा हा गृहस्थ स्वतःची फुरसत मुंग्यांवर खर्च करी. काचेच्या दोन तावदानांमध्ये थोडी माती घालून तो मुंग्या पाळी, आणि त्या पळून जाऊ नयेत म्हणून भोवताली पाण्याचा खंदक करी. आमच्या आजीची वाट्यांची युक्ती आणि लबकसाहेबांची युक्ती एकच. फरक इतकाच की आजीला मुंग्या बाहेर ठेवायच्या होत्या आणि साहेबांना आत.

लबकच्या प्रयोगांत गंमत आहे तशी शिस्तही आहे. एकेका मुंगीला रंगाचा ठिपका लावून तो दिवसभर तिच्यावर नजर ठेवी. एक मुंगी सकाळी सहापासून रात्री पावणेदहापर्यंत न थांबता राबताना त्याने पाहिली. काही मुंग्यांना त्याने दारूत बुडवून झिंगवले आणि खंदकाच्या काठी ठेवले. स्वतःच्या वारुळातल्या झिंगलेल्या मुंग्यांना बहिणींनी बहुधा उचलून घरी नेले, परक्या वारुळातल्यांना बहुधा पाण्यात ढकलून दिले! आपल्या डोळ्यांना न दिसणारा जांभळ्यापलीकडचा प्रकाश मुंगीला जाणवतो, हे त्यानेच दाखवले. त्याने पाळलेली एक राणी तर जवळजवळ पंधरा वर्षे जगली. १८८२ साली त्याचे पुस्तक आले आणि घरोघरी वाचले गेले.

परंतु लबक आंधळा भक्त नव्हता. त्याने मुंग्यांना मधाकडे जाणारी एक लांबलचक वाट करून दिली, आणि मग मध व मुंग्या यांच्यात पाव-अर्धा इंचाची फट ठेवली. खाली मातीचे कण पडलेले होते. चार कण रचले असते तर फट बुजली असती. नुसती उडी टाकली असती तरी भागले असते. पण एकाही मुंगीला ते सुचले नाही. वारुळाच्या शेकडो खोल्या बांधणाऱ्या जिवाला अर्ध्या इंचाचा बांध घालणे सुचू नये, ही गोष्ट लबकने प्रामाणिकपणे लिहून ठेवली आहे.

*

ऑग्युस्त फोरेल याचे नाव या इतिहासात सर्वांत मोठे, आणि सर्वांत अवघडही. त्याचा जन्म १८४८ साली स्वित्झर्लंडात झाला. लहानपणीच ह्यूबेरचे पुस्तक त्याच्या हाती पडले आणि मुंग्यांनी त्याला जन्मभरासाठी धरले. १८७४ साली स्विस मुंग्यांवरचा त्याचा ग्रंथ निघाला. पुढे तो झुरिचच्या वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख झाला. दिवसा माणसांचे मेंदू आणि उरलेल्या वेळी मुंग्यांचे, असा त्याचा दिनक्रम. मज्जासंस्था ही एकसंध जाळे नसून स्वतंत्र पेशींची बनलेली असते, हा आज पाठ्यपुस्तकात गेलेला विचार १८८७ साली मांडणाऱ्या पहिल्या दोघातिघांत तो होता. वेगवेगळ्या जातींच्या, एरवी एकमेकींचा जीव घेणाऱ्या मुंग्यांच्या मिशा कापून त्याने त्यांना एकत्र ठेवले, तर त्या मुकाट्याने एकत्र नांदल्या. वैर डोक्यात नव्हते, मिशांत होते. मिशीने वास कळतो, आणि वासाने आपपरभाव.

मुंग्यांच्या मेंदूतल्या त्या अळंब्यांची तुलना फोरेलने बारकाईने केली. राबणाऱ्या मुंगीत त्या भरघोस, राणीत त्याहून लहान, आणि नरात जेमतेम नावापुरत्या. डोळे मात्र नराचे मोठे. कारण त्याला आयुष्यात एकच काम, उडणारी राणी हेरण्याचे. बायकांच्या मेंदूचे वजन करून त्यांना शाळेच्या दारातून परत पाठवणाऱ्या पंडितांनी हे पान वाचले होते की नाही, कोण जाणे!

फोरेलचा आपल्या मुंबईशी निकटचा संबंध आहे. मुंबई इलाख्याच्या जंगल खात्यात रॉटन नावाचे अधिकारी होते. मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाचे, म्हणजे १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे, ते खंदे सभासद. रानोमाळ हिंडताना ते मुंग्या गोळा करीत आणि ओळख पटवण्यासाठी फोरेलकडे पाठवीत. १८९२ साली सोसायटीच्या नियतकालिकात 'आपल्या मुंग्या' अशा अर्थाच्या मथळ्याचा रॉटनचा लेख आला, आणि त्याच सालापासून हिंदुस्थान व सिलोनच्या मुंग्यांवरची फोरेलची लेखमालाही तिथे येऊ लागली. ती फ्रेंच भाषेत आणि इंग्रजी नियतकालिकात! एका चिमुकल्या मुंगीच्या शास्त्रीय नावात रॉटनचे नाव आजही आहे. सोसायटीच्या संस्थापकांत सातारला जन्मलेले एडवर्ड एटकिन हेही होते. बंगल्यातल्या मुंग्यांशी चाललेल्या त्यांच्या झटापटीचे विनोदी वर्णन त्यांच्या १८८३ च्या पुस्तकात आहे, आणि ते वाचताना कपाटाखालच्या वाट्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

फोरेल अवघड का, तेही सांगितले पाहिजे. मुंगीच्या डोक्यातल्या कणाला ज्याने एवढा मान दिला, तोच माणसांच्या बाबतीत मात्र 'चांगल्या बीजा'च्या आणि 'वाईट बीजा'च्या गोष्टी बोलू लागला. मनाने दुबळ्या ठरवलेल्यांना मूल होऊ देऊ नये, या मताचा तो पुरस्कर्ता झाला, आणि आपल्या इस्पितळात त्याने ते मत अंमलातही आणले. पुढच्या काळात युरोपात या विचाराने केवढा अनर्थ केला ते जगाने पाहिले. १९७८ साली निघालेल्या स्वित्झर्लंडच्या एक हजार फ्रँकच्या नोटेवर फोरेलचे चित्र होते आणि मागच्या बाजूला मुंग्या होत्या. ती नोट आता चलनात नाही. दोन्ही बाजू लक्षात ठेवाव्यात अशी ती नोट होती.

*

विसावे शतक उजाडता उजाडता या कौतुकाला ओहोटी लागली. १८९८ साली आल्ब्रेख्त बेथे या जर्मन शास्त्रज्ञाने मुंग्यांना मन असते असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे काय, असा सरळ सवाल केला, आणि उत्तर नकारार्थी दिले. मुंगी म्हणजे किल्लीचे खेळणे. अमुक वास आला की अमुक हालचाल. फोरेल चवताळून उठला, पण बेथेची बाजू अगदीच लंगडी नव्हती. गियानाच्या जंगलात विल्यम बीब या निसर्गशास्त्रज्ञाला लष्करी मुंग्यांचे एक रिंगण दिसले. त्याचे वर्णन त्याने १९२१ साली प्रसिद्ध केले. वाट चुकलेली एक रांग आपल्याच शेपटाला जाऊन मिळाली होती. रिंगणाचा घेर सुमारे १,२०० फूट. एक फेरी पुरी करायला एका मुंगीला अडीच तास लागत. प्रत्येक मुंगी पुढचीच्या वासामागे चालत होती. दोन दिवस ती प्रदक्षिणा चालली आणि बहुतेक मुंग्या चालता चालता मेल्या.

१९५८ साली अमेरिकेत एडवर्ड विल्सन व त्यांचे सहकारी यांनी यापेक्षाही विचित्र गोष्ट दाखवली. मेलेल्या मुंगीला बाकीच्या मुंग्या उचलून उकिरड्यावर टाकतात. तिचा तो 'मेलेपणा' त्यांना कशाने कळतो? कुजताना सुटणाऱ्या ओलेइक आम्लासारख्या द्रव्यांच्या वासाने. मग त्यांनी ते आम्ल एका धडधाकट जिवंत मुंगीला चोपडले. झाले! बहिणींनी तिला उचलले आणि ती पाय झाडीत असताना उकिरड्यावर नेऊन टाकले. ती परत आली, पुन्हा नेली. स्वतःला चाटूनपुसून वास घालवीपर्यंत ती जिवंत आहे हे कुणी मान्य करीना.

म्हणजे बेथेचेच खरे म्हणायचे काय? निकाल लागला तो वाळवंटात. ट्युनिशियात कैरवान या गावी फेलिक्स सांची नावाचे स्विस डॉक्टर दवाखाना चालवीत. गावकरी त्यांना 'तबीब-अन्-नम्ल', म्हणजे मुंग्यांचा वैद्य म्हणत. १९११ साली त्यांनी एक साधा प्रयोग केला. घराकडे परतणाऱ्या मुंगीवर त्यांनी एका बाजूने आडोसा धरून सूर्य झाकला, आणि दुसऱ्या बाजूने आरशातून सूर्याचे प्रतिबिंब तिच्यावर पाडले. मुंगी तत्काळ वळली आणि उलट दिशेने चालू लागली. सूर्य पाहून ती वाट काढीत होती! नुसता वास हुंगणाऱ्या खेळण्याला हे कुठून जमणार? एका गावातल्या दवाखान्याच्या डॉक्टरने लावलेला हा शोध पुढे कितीतरी वर्षे फारसा कुणाच्या ध्यानात आला नाही.

१९६९ सालापासून रुडिगर वेनर हे झुरिचचे शास्त्रज्ञ त्याच देशातल्या वाळवंटी मुंग्यांचा अभ्यास करू लागले. तिथली वाळू भर दुपारी साठ अंशांच्या वर तापते. त्या भट्टीत ही मुंगी उन्हाने मेलेले किडे शोधायला बाहेर पडते. शेकडो मीटर वेडीवाकडी भटकते, आणि भक्ष्य सापडताच सरळ रेषेत घराच्या भोकाकडे धावते. वाळूवर वास टिकत नाही, खुणेला झाडझुडूप नाही. तिला उचलून दूर नेऊन ठेवले तर ती न उचलता ज्या दिशेला व जितके चालली असती, तितकीच नेमकी चालते आणि तिथे घर शोधू लागते. म्हणजे प्रत्येक वळणाचा आणि प्रत्येक टप्प्याचा जमाखर्च तिच्या डोक्यात सतत चालू असतो. दिशा ती सूर्यावरून आणि निळ्या आकाशातल्या, आपल्याला न दिसणाऱ्या प्रकाशाच्या ठेवणीवरून घेते.

आणि अंतर? २००६ साली वेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. मुंग्यांना घरापासून दहा मीटरवर चालत येऊ दिले. तिथे काहींच्या पायांना डुकराचे केस चिकटवून उंच काठ्या दिल्या, काहींचे पाय आखूड केले. परतताना काठ्यांवरच्या मुंग्या सुमारे पंधरा मीटरवर जाऊन घर शोधू लागल्या. आखूड पायांच्या सहा मीटरच्या आतच थांबल्या. पावले तेवढीच टाकली होती, पाऊल मात्र बदलले होते. मुंगी आपल्या पावलांचा हिशेब ठेवते! हे सारे गणित ज्या मेंदूत चालते त्याचे वजन सुमारे एक दशांश मिलिग्रॅम.

*

आता प्रत्यक्ष आकड्यांकडे वळू. मुंगीच्या मेंदूत साधारण अडीच लाख पेशी असतात असे पुस्तकांतून सांगितले जाते; जातीजातीत फरक आहे, आणि काही जातींत त्या याहून पुष्कळ कमी असतात. मधमाशीच्या मेंदूत सहा ते दहा लाख. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी, ही मोजणी २००९ साली ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी केली. तेव्हा पेशी मोजल्या तर साडेतीन लाख मुंग्या मिळून एक माणूस होतो; वजन पाहिले तर मात्र एक कोटीहून अधिक मुंग्या लागतात. दोन हिशेबांत एवढी तफावत का? मुंगीच्या मेंदूत पेशी फार बारीक आणि फार दाटीने बसवलेल्या असतात, म्हणून. स्पेनचा महान मेंदूशास्त्रज्ञ काहाल याने १९१५ साली कीटकांच्या डोळ्यांमागचे मज्जातंतू पाहिले तेव्हा तो चकित झाला. पाठीच्या कण्याच्या प्राण्यांचा मेंदू जर भिंतीवरचे मोठे घड्याळ असेल तर कीटकाचा मेंदू हे नाजूक खिशातले घड्याळ आहे, असे त्याला वाटले.

उलट बाजूने पाहायचे तर हत्ती आहेच. त्याचा मेंदू चार-पाच किलोंचा, आणि पेशी २५,००० कोटींच्या वर, म्हणजे माणसाच्या तिप्पट. नुसत्या संख्येवर बुद्धी ठरत असती तर दिवाळी अंक हत्तींनी काढले असते. पण हत्तीच्या पेशींतल्या शेकडा सत्त्याण्णवाहून अधिक मागच्या लहान मेंदूत, शरीराची हालचाल सांभाळण्यात गुंतलेल्या असतात. मेंदू केवढा, याहून तो कसा जोडला आहे आणि कोणत्या कामासाठी, हे महत्त्वाचे. मुंगीने जगातले सगळे प्रश्न सोडवायला घेतले नाहीत. आपल्या जगण्याला लागणारे मोजकेच प्रश्न तिने घेतले, आणि त्यांची उत्तरे अर्धी मेंदूवर, अर्धी पायांवर, मिशांवर आणि बहिणींवर सोपवली.

बहिणींचे म्हणाल तर त्याचीही साक्ष आहे. इंग्लंडातल्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवले की एका बारीक जातीची मुंगी अन्नाची वाट दुसरीला अक्षरशः शिकवते. ती पुढे चालते, मागची खुणा पाहायला रेंगाळली की थांबते, तिने मिशीने पाठीवर टकटक केल्यावरच पुढे सरकते. एकटी गेली असती तर चौपट लवकर पोचली असती. शिकवणाऱ्याचा वेळ जातो, शिकणाऱ्याचा फायदा होतो. आपल्या शाळामास्तरांना हे निराळे सांगायला नको.

आणि शेवटची साक्ष आपल्याच देशातल्या मुंगीची. दक्षिण भारतात एक उड्या मारणारी मुंगी आहे. जर्डन नावाच्या लष्करी डॉक्टराने १८५१ साली तिचे वर्णन केले. या मुंग्यांची राणी मेली की राबणाऱ्या मुंग्यांत मिशांची झुंज लागते, ती कित्येक दिवस चालते. जिंकणाऱ्या अंडी घालू लागतात, राणीपद मिळवतात; आयुष्य सात महिन्यांवरून चार वर्षांवर जाते. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. बाहेर हिंडून शिकार करणे संपते, आणि मेंदू सुमारे पाचव्या हिश्शाने आकसतो. इथवर काहीसे माहीत होते. २०२१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा काही राण्यांना काही आठवडे वेगळे ठेवून पुन्हा वारुळात सोडले. त्यांचे पद गेले, त्या पुन्हा कामाला लागल्या. आणि काय आश्चर्य, आकसलेला मेंदू पुन्हा पूर्ववत भरला! कीटकात असे घडल्याचे तोवर कुणी पाहिले नव्हते. गादीवर बसले की मेंदू आटतो आणि कामाला लागले की भरतो, हे ऐकून कुणाला कशाची आठवण होईल ते ज्याचे त्याने पाहावे.

तात्पर्य काय? मुंगी शहाणी की यंत्र, या वादात दोन्ही बाजूंना थोडे थोडे खरे सापडले. जी मुंगी पावलांचा हिशेब ठेवून वाळवंटातून घरी येते, तिलाच जिवंत बहीण ओळखता येत नाही. पण हा दोष तिचा एकटीचा समजू नये. ज्या माणसांनी बहिणींचे मेंदू तोलून त्यांना विद्येच्या दारातून परत पाठवले, ज्यांनी आजारी माणसाला 'वाईट बीज' म्हटले, त्यांनाही समोरचा जीव दिसत नव्हता. त्यांनाही एका ठरावीक वासाने चालवले होते. मुंगीने स्वतःला चाटूनपुसून तो वास घालवला की तिला घरात परत घेतात. माणसाला ते इतके सोपे जात नाही.

तेव्हा यंदा लाडवांच्या डब्याला मुंग्या लागल्या तर डबा जरा उन्हात ठेवावा, म्हणजे त्या आपल्या वाटेने निघून जातील. जाताना एखादी थांबून मिशा हलवील. तिच्या डोक्यात टाचणीच्या डोक्याहून लहान असा एक कण आहे. घरापासून आपण किती पावले आलो, याचा हिशेब कदाचित तो ठेवीत असेल.